चाळीस अंशांत सायकल : पाणी, मीठ, साखर आणि पोट

अहिल्यानगर, म्हणजेच नगर, जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याची भातखाचरे, मध्ये प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेला ऊस, आणि पूर्वेला-दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडचे पर्जन्यछायेतले माळरान. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला एवढे वैविध्य एका जिल्ह्यात क्वचितच मिळते. पण एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि नाशिकहून पंढरपूरला नगरमार्गे जाणारी सायकल वारीही जूनमध्येच असते, जेव्हा पाऊस आला तर आला. तेव्हा भर उन्हात सात-आठ तास सायकल चालवताना काय प्यावे आणि काय खावे, हा प्रश्न इथे हौशी नाही.

त्याची उत्तरे दोन बाजूंनी येतात. एका बाजूला जेल, पावडरी, पाण्यात फसफसणाऱ्या मिठाच्या गोळ्या. दुसऱ्या बाजूला ‘आपले ताक आणि उसाचा रसच खरा’ असा ठाम सूर. दोन्ही बाजू पदार्थांवर भांडतात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले संशोधन मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवते : तासाला किती, किती पातळ करून, आणि उन्हात दमलेले पोट ते स्वीकारते का. पदार्थ कोणताही असो, प्रमाण चुकले की तो निकामी ठरतो.

कोरड्या उन्हाची फसवणूक

स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, तिचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन अंगात राहते. सपाट रस्त्यावर १३० वॅटने पेडल मारणारा माणूस सुमारे ४०० वॅट उष्णता निर्माण करत असतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे अंगातली ही उष्णता घालवायलाच तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम लागतो. डोक्यावरचे ऊन आणि डांबराची धग यांचा हिशेब वेगळाच. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे ३५-३६ अंशांच्या वर गेली, की वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. मग थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणे.

कोकणात घाम टपकतो, म्हणून तो कळतो. नगरच्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आधीच वाळतो आणि ‘आज फारसा घाम आला नाही’ असे वाटत राहते. खरी खूण संध्याकाळी सापडते : जर्सीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यांवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. तासाला अर्धा ते दोन लिटर एवढा घामाचा पल्ला माणसागणिक बदलतो. घाटात तो आणखी फसवतो. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट चढताना वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत येतो. अंगातली उष्णता वाढते आणि अंगावरचा वारा गायब होतो. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत म्हणजे पठारावर वारा आहेच, पण तो समोरून आला तर घाम वाळवताना श्रमही वाढवतो.

शिल्लक किती, खर्च किती

शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. १३० वॅटने तासभर सायकल चालवली, तर साधारण ४५० ते ५०० कॅलरी जळतात. २०० किलोमीटरला दहा तास धरले, तर खर्च साडेचार हजारांच्या पुढे जातो. चरबीचा साठा जवळजवळ अमर्याद असला, तरी ती हळू जळते आणि जोर वाढला की तिचा वाटा घटतो. साखर संपली की पाय जड होतात, चिडचिड वाढते, साधी बेरीज जमत नाही. सायकलस्वार याला ‘बाँक झाला’ म्हणतात.

उन्हात हा साठा लवकर संपतो, कारण त्याच वेगाला स्नायू ग्लायकोजेन अधिक वापरतात. त्याच वेळी अंग थंड करायला रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंनाही हवे असते, आणि आतड्यांच्या वाट्याला कमी येते. त्यामुळे बाहेरून घेतलेली साखरही थंड हवेतल्यापेक्षा कमी वापरली जाते. गरज वाढते आणि पचवण्याची ताकद घटते. मळमळ, पोट डबडबणे, उलटी हे त्याचेच परिणाम. भर उन्हात सायकल थांबवावी लागते ती पायांमुळे कमी आणि पोटामुळे जास्त.

पाण्याचा वाद

पाणी किती प्यावे यावर शास्त्रानेच मत बदलले आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने १९९६मध्ये तासाला ६०० ते १,२०० मिलीलीटर पिण्याचा सल्ला दिला होता. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघाले. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्याच्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट होती शर्यतीत वाढलेले वजन. म्हणजे हे लोक गमावले त्याहून जास्त प्यायले होते. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैज्ञानिक टिम नोक्स यांनी ‘तहान लागेल तेव्हाच प्या’ ही भूमिका लावून धरली. अमेरिकन कॉलेजच्याच २००७च्या सुधारित मार्गदर्शनात ठरावीक आकडा गेला आणि त्याजागी आले की वजनाची घट दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि वजन वाढूही देऊ नये.

नगरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे. तीन तासांच्या सकाळच्या फेरीला तहान पुरेशी साक्ष देते. दहा तासांच्या उन्हातल्या फेरीत मात्र बाटलीतले पाणी चहाइतके गरम झाले की तहान असूनही घोट जात नाही. म्हणून आपला आकडा आधी काढून ठेवावा. तासभराच्या फेरीआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करायचे. जेवढे किलो घटले, तेवढे लिटर आणि वाटेत प्यायलेले पाणी, या दोहोंची बेरीज म्हणजे तासाचा घाम. मार्चच्या सकाळी काढलेला आकडा मेच्या दुपारी उपयोगाचा नाही, तो त्याच उन्हात पुन्हा काढावा लागतो. बहुतेकांना तासाला ५०० ते ८०० मिलीलीटर पिणे जमते. घाम त्याहून जास्त असेल, तर थोडी तूट सोसायची आणि रात्री भरून काढायची.

७५० मिलीलीटरच्या दोन बाटल्या या हिशेबाने दोन ते अडीच तास पुरतात, भर उन्हात त्याहून कमी. उसाच्या पट्ट्यात गावे जवळ आहेत, तिथे अडचण नाही. कर्जत-जामखेडच्या माळावर तिसरी बाटली लागते. बाटलीवर ओला सुती मोजा चढवला की माठासारखे पाणी गार राहते, आणि कोरड्या हवेत हा उपाय कोकणापेक्षा जास्त लागू पडतो.

मीठ : गोळे, लोणचे आणि भ्रम

एक लिटर घामात साधारण अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमच्या पुढेपर्यंत सोडियम असते. सरासरी एक ग्रॅम धरले, तरी दिवसभरात सहा लिटर घाम म्हणजे सहा ग्रॅम सोडियम, जे सुमारे १५ ग्रॅम मिठातून येते. हे सगळे वाटेतच भरायचे नसते. लिटरमागे ५०० ते ७०० मिलीग्रॅम सोडियम घेतले, की पाणी अंगात टिकते, तहान जागी राहते आणि उरलेले संध्याकाळचे जेवण भरून काढते. ५०० मिलीग्रॅम म्हणजे पाव चमच्याहून थोडे कमी मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा.

पायात गोळे आले की सगळे मिठालाच दोष देतात. प्रकरण तेवढे सरळ नाही. दमलेल्या स्नायूचे चेतातंतूंवरचे नियंत्रण सुटणे हेही मोठे कारण मानले जाते. परदेशी सायकलस्वार काकडीच्या लोणच्याचे आंबट खारे पाणी पितात आणि गोळा दीड-दोन मिनिटांत सुटतो. एवढ्यात ते मीठ रक्तातही पोचत नाही, म्हणून हा परिणाम घशातल्या संवेदनांमधून होत असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या तेल-मसाल्याच्या लोणच्याचा खार त्याजागी चालवू नये. लिंबाची मीठ लावलेली फोड चोखणे जास्त शहाणपणाचे. आणि खिशातला कांदा : नगर, पारनेर, घोडेगाव हा कांद्याचा मुलूख, म्हणून इथे ही समजूत घट्ट आहे. कांदा खाल्ला तर थोडे पाणी आणि पोटॅशियम मिळते. खिशात ठेवून उष्माघात टळत नाही.

साखर, आणि ती कुठून आत जाते

आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी येते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये मांडले. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असते. हे औषध आहे, इंधन नाही. दहा तासांच्या फेरीला त्यातली साखर फार अपुरी पडते. घाम खूप गेला असेल किंवा पोट बिघडले असेल, तेव्हा मात्र त्याला तोड नाही. दुकानातून घेताना लेबल वाचावे. गोड पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ती हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या अनेक वर्षांच्या लढ्यानंतर.

इंधन म्हणून साखर किती? एक ते अडीच तासांच्या फेरीला तासाला ३० ते ६० ग्रॅम. त्याहून लांब फेरीला ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, पण एका अटीवर. ग्लुकोज आत नेणारा वाहक तासाला साधारण ६० ग्रॅमला थकतो. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा आहे, म्हणून दोन्ही मिसळली तर एकूण शोषण वाढते. क्रीडापोषणाचे अभ्यासक आस्कर ज्युकेंड्रप यांच्या कामातून हे स्पष्ट झाले आणि आज महागडी जेल ‘१ : ०.८’ असे प्रमाण छापून विकली जातात. साधी साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज, निम्मे फ्रुक्टोज. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला आणि त्या पट्ट्यात साखर मुबलक झाली. जेलमधली साखर या साखरेहून फार वेगळी नसते. जेल विकत घेताना आपण सोय घेतो, म्हणजे मोजलेले प्रमाण आणि खिशात मावणारी पुडी. ती सोय खरी आहे, पण ती घरीही तयार होते.

एक लिटर पाण्यात १२ सपाट चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि दोन लिंबे. हे पाच टक्क्यांचे पेय झाले. पोटातून लवकर पुढे सरकण्यासाठी पाच ते आठ टक्के हीच पातळी योग्य मानली जाते. श्रीगोंदा तालुका लिंबांसाठी ओळखला जातो, तरी उन्हाळ्यात लिंबाचे भाव चढले की या बाटलीत सर्वांत महाग लिंबूच ठरते.

रसवंती, ताक, शहाळे, कलिंगड

फेब्रुवारी ते मे नगर-मनमाड आणि नगर-पुणे रस्त्यांवर रसवंत्यांची रांग असते. उसाच्या रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते. २०० मिलीलीटरच्या ग्लासात २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तासाचे इंधन. पण तो एवढा दाट असतो, की दोन ग्लास घटाघट प्यायले तर आतड्यात उलट पाणी खेचले जाते आणि पुढचे दहा किलोमीटर पोट डबडबत राहते. तोच रस निम्मे पाणी घालून, चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळून घेतला, की सात टक्क्यांचे पेय तयार होते, कोणत्याही पावडरीच्या तोडीचे. बर्फाच्या पाण्याची खात्री नसेल, तर बर्फाशिवाय मागावा. बाटलीत भरून नेऊ नये, उन्हात तो भराभर आंबतो.

ताकात मीठ आणि पाणी चांगले, साखर जेमतेम. ते थांब्यावर प्यावे, सोबत केळे खावे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळे हे पूर्ण उत्तर नाही, मीठ वेगळे घ्यावे लागते. कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी आणि सहा-सात टक्के साखर. मीठ भुरभुरलेल्या दोन फाका दुपारी बारा वाजता मिळाल्या, तर त्याहून नेमका थांबा सापडणार नाही. कैरीचे पन्हे घट्ट असते, ते दुपटीने पातळ करावे. आंबील मात्र विसरत चाललेली चीज आहे. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ, खारट आंबील पचायला हलकी असते. तिच्यात साखरेऐवजी शिजलेला स्टार्च असतो, म्हणून ती गोडाने वीट आलेल्या जिभेलाही चालते. चहा अंगातले पाणी काढतो ही भीती अतिरंजित आहे. टपरीवरच्या एका कपात कॅफिन इतके कमी असते, की त्याने ना फार नुकसान होते ना फार ताकद येते.

चावून खायचे

लांब फेरीत नुसत्या गोड पाण्यावर भागत नाही. पहिल्या दोन-तीन तासांत, सकाळ गार असताना, घन पदार्थ खावेत. ऊन चढले की हळूहळू द्रवाकडे वळावे. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. १०० ग्रॅम खजुरात ७०च्या पुढे. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ७५च्या आसपास. इडली मऊ आणि कमी तेलाची, म्हणून उत्तम. उपवासाच्या फराळाची यादी सायकलसाठीच लिहिल्यासारखी आहे : राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले रताळे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर. फक्त साबुदाण्याच्या खिचडीतले तूप आणि दाण्याचे कूट पोटात रेंगाळते. तेलकट वडा, तर्रीची मिसळ, भजी हे तर दुपारच्या उन्हात मळमळीचे आमंत्रणच. चिक्कीत गूळ चांगला, पण शेंगदाणे चरबीचे. ती संध्याकाळच्या टप्प्याला ठेवावी.

बाजरीची भाकरी आदल्या रात्री नको असे नाही, पण चोथा जास्त असल्याने सकाळी लवकर निघायचे असेल, तर भात-आमटी किंवा पोळी बरी. सायकलवरून उतरल्यावर मात्र पिठले-भाकरी, मीठ, ताक आणि रात्री ग्लासभर दूध हे उत्तम जेवण. दुधात पाणी, सोडियम आणि प्रथिने एकत्र असतात, आणि दूध प्यायल्यावर पाणी अंगात साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकते हे अभ्यासांत दिसले आहे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही चार-पाच तासांत सावकाश, हा भरपाईचा हिशेब.

दोनशे किलोमीटरचा दिवस

ब्रेव्हे प्रकारातली २०० किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांत संपवायची असते, आणि तपासणी ठाण्यांदरम्यान बाहेरची मदत चालत नाही. नगर ते कोपरगाव आणि परत हे अंतर याच्या जवळपास आहे. सकाळी सहाला निघून ताशी २२ किलोमीटरने गेले, तर सायकलवर नऊ तास जातात. साडेचार तास शिल्लक राहतात. त्यांतले दोन दुपारी बारा ते दोन सावलीत घालवले, तर वेळेचे काही बिघडत नाही आणि पोट पुन्हा चालू होते. या दोन तासांत डोक्यावर, मानेवर पाणी ओतावे, जर्सी भिजवावी, गार सरबत घोट घोट प्यावे. बरेच जण याच्या उलट वागतात. थांबा पाच मिनिटांचा करतात, वेग वाढवतात आणि दोन वाजता रस्त्याकडेला बसतात.

पहिल्या तासापासून दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट आणि अर्ध्या तासाने थोडे खाणे, ही सवय आधीच्या महिन्यात छोट्या फेऱ्यांमध्ये लावावी. पोटही सरावाने तयार होते. उन्हाचेही तसेच. सात ते चौदा दिवस रोज तासभर उन्हात चालवले, की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये दोघांच्या संघात, आणि नाशिकच्याच श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्या शर्यतीच्या सुरुवातीलाच वाळवंट पार करावे लागते. पण त्यांच्यामागे पाणी, बर्फ आणि मोजलेले अन्न घेऊन चालणारी गाडी होती. पाथर्डी रस्त्यावरच्या एकट्या स्वाराला त्या गाडीचे काम स्वतःच्या डोक्याने करावे लागते.

बिघडते तेव्हा

चक्कर, थंड ओलसर त्वचा, अंग गळून जाणे ही उष्णतेच्या थकव्याची लक्षणे आहेत. सावली, पाय वर, मीठ-साखरेचे पाणी. बोलणे असंबद्ध झाले, तोल गेला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. मग तोंडातून काही पाजू नये. कपडे सैल करून अंगावर मिळेल तेवढे पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८वर फोन करावा. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम जीव वाचवतो. उलट पोट फुगलेले, बोटे सुजलेली, लघवी पाण्यासारखी आणि तरी डोके दुखते, गोंधळ वाटतो, अशी अवस्था असेल, तर पाणी जास्त झाले असण्याची शक्यता असते. तिथे आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

बाजारातल्या पुड्या आणि परंपरेतली पेये यांत निवड करण्याची गरज नाही. दोन्हींना एकच कसोटी लावावी : तासाला किती साखर, लिटरला किती मीठ, आणि ते किती पातळ. स्वतःचा तासाचा घाम, पोटाला झेपणारी तासाची साखर, आणि दोन पाणवठ्यांमधले सर्वांत लांब अंतर, हे तीन आकडे ज्याच्या वहीत आहेत, त्याला रसवंती आणि केळ्यांवर कोपरगाव गाठून परत येता येते. ते नसतील, तर एप्रिलमध्ये पन्नास किलोमीटरवर थांबून आधी ते काढावेत आणि मग दोनशेचे नाव घ्यावे.